धरणात गेलेल्या गावाचा पत्ता
इंद्रायणी तांदूळ शिजत असल्याचा वास आला की मला गुंजवणी धरणाजवळची ती शाळा आठवते. तिथं इंटरनेट सारखं जायचं, म्हणून सगळे धडे शाळेतल्याच एका कॉम्प्युटरवर ठेवले होते. पण ते उघडायला मुलांना लांबलचक आकडे टाकावे लागत. त्या आकड्यांना शाळेपुरतं नाव देणारा नेम सर्व्हर बसवायला मी गेलो होतो; ते काम म्हणजे माझ्या हातचा मळ. “नाव काय देऊ?” मी शाळेतल्या बाईंना विचारलं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारातूनच म्हणाल्या, “आमचं गाव धरनात गेलं, त्याचं द्या की.” दिलं. बाईंनी ते टाइप केलं आणि धडा उघडला. “सापडलं व्हय?” मावशी पदराला हात पुसत आत आल्या. “सापडणारच!” मी म्हणालो. आजही बाहेर कुठंही ते नाव टाकलं, तर असा पत्ताच नाही म्हणून उत्तर येतं. त्या शाळेत मात्र ते गाव लगेच सापडतं.