रेकॉर्ड संपली की खुर्ची करकरते

शेजारीण खुर्चीला लागून लाकडी जमिनीवर पडली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात अंगाखाली. डोळे उघडे होते आणि माझ्याकडे वळले, म्हणजे जीव होता. कोपऱ्यात रेकॉर्ड नुसतीच फिरत होती, सुई खट् खट् करत होती.

"ॲम्ब्युलन्स बोलाव!" मी सुनेला ओरडून सांगितलं. ती मागच्या दारात फोन धरून उभी होती. थोड्या वेळापूर्वी तिनेच मला अडवलं होतं.

"आई, इथे असं कुणाच्या घरात घुसत नाहीत. आधी मेसेज करतात."

"मी आजवर कुणाला मेसेज केलाय?"

"अहो, झोपल्या असतील त्या."

"रेकॉर्ड चालू ठेवून ती झोपत नाही. तू फोन घेऊन मागून ये."

मला कसं कळलं ते सांगते. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात आमचं घर आणि तिचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती आवाज मोठा ठेवते. रोज दुपारी एकच माणूस गायचा, अमेरिकेतला, स्वतःची गाणी, सोबत नुसती गिटार. "हा गातोय की तक्रार करतोय?" मी सुनेला विचारलं. "दोन्ही," ती म्हणाली.

एकदा कुंपणापाशी शेजारणीने विचारलं, गाण्यांचा त्रास होतो का. मी सुनेला म्हटलं, होतो म्हणून सांग. सुनेने दुसरंच काहीतरी सांगितलं असणार, कारण शेजारणीने लगेच मला बुधवारी दहाला कॉफीला बोलावलं. सून बुधवारी घरूनच काम करते. ती सोबत आली आणि रेकॉर्डच्या पाकिटामागचा मजकूर वाचून मला त्या माणसाची हकीकत सांगत गेली.

तो कापडगिरणीतल्या कामगाराचा मुलगा. संपाच्या वेळी गिरणीच्या दारात उभा राहून गायचा. तरुणपणी त्याच्या दोन-तीन रेकॉर्ड निघाल्या. मग कंपनी म्हणाली, मागे ढोल-व्हायोलिन घालू, म्हणजे खपतील. तो नाही म्हणाला. त्यांनी त्याला काढून टाकलं. त्यानंतर तो कित्येक वर्षं शाळेची बस चालवत होता.

आमचे मालक गायन पार्टीत होते. बाबासाहेबांची गाणी स्वतः लिहायचे, पेटी वाजवत गायचे. कॅसेटवाल्याने सिनेमाची चाल मागितली तेव्हा त्यांनी दिली. घरात खाणारी तोंडं होती, मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण नकार देऊन बस चालवायला गेलेल्या माणसाला मी मानलं. आपल्याच्याने झालं नसतं ते दुसऱ्याने केलं, तर मानायला काय जातं?

म्हातारपणी त्याने आणखी एक रेकॉर्ड केली, आपल्या स्वयंपाकघरात बसून. आवाज पार बसलेला. मध्ये कुत्रं भुंकतं, किटली वाजते. त्याने काहीच काढलं नाही. शब्द मला एकही कळत नाही, पण चौथीपर्यंतच शिकले म्हणून कान काही अडाणी राहिले नाहीत. खोटं गाणारा मला ओळखू येतो, मालकांच्या पार्टीतही दोघे होते तसले. हा त्यातला नव्हता. शेवटचं गाणं संपलं की तो गिटार खाली ठेवतो आणि त्याची खुर्ची करकरते. तेही त्याने राहू दिलंय.

भिंतीपलीकडून हे सगळं मला पाठ झालं होतं. त्याची खुर्ची करकरली की शेजारणीच्या खुर्चीचे पाय जमिनीवर घासायचे, कारण रेकॉर्ड पालटायला ती उठायची. कधी चुकली नाही. त्या बुधवारी दुपारी त्याची खुर्ची करकरली आणि तिची वाजली नाही. मी हातातली भाजी तशीच टाकून मागच्या गल्लीतून गेले. मांजरासाठी ती दार उघडं ठेवते.

ॲम्ब्युलन्सवाले आले. सुनेने त्यांना सगळं सांगितलं. मी शेजारणीचा डावा हात धरून बसले होते. तिने तो इतका आवळला की माझी बांगडी रुतली. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उशीर झाला असता तर गेली असती, असं डॉक्टर नंतर सुनेला म्हणाले. त्या रात्री सुनेने मला जास्तीचं तूप वाढलं.

शेजारीण काही महिन्यांनी घरी आली. उजवा हात चालत नाही. चार शब्द बोलते, तेही डचमधले, म्हणजे माझ्यासाठी पूर्वीइतकेच. आता मी बुधवारची वाट बघत नाही. दुपारी जाते, मेसेज न करता. त्याची खुर्ची करकरली की मी उठते आणि रेकॉर्ड पालटते. ती बोटाने दाखवते, हळू, ओरखडा पडेल. मी मराठीत म्हणते, कळतंय मला, गप्प बस.

तो गायक वारला आहे, पाकिटावरच तसं छापलंय. आमचे मालकही गेले. शेजारीण जगली.