मेट्रनबाईंबरोबर केनियाला

मूल समोर आलं की इतर बायका आधी त्याचा चेहरा बघतात. मेट्रनबाई खिसे बघायच्या. दौंडच्या मुलींच्या बोर्डिंगात त्यांनी तीस वर्षं काढली, आणि सकाळच्या प्रार्थनेनंतर मुलींची ओळ लावून खिसे तपासायचा त्यांचा नेम कधी चुकला नाही. शेंगा, गुळाचा खडा, पेन्सिलीचं टोक, काय वाटेल ते निघायचं. त्या ते बघायच्या आणि जसंच्या तसं परत ठेवायच्या. मांडवगण फराट्याहून आईनं मला त्या बोर्डिंगात आणून सोडलं होतं, त्यामुळे मीही त्या ओळीत चार वर्षं उभी राहिले. परतच ठेवायचं तर बघायचं कशाला, हे मला कळायचं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "पोराचं तोंड पाव्हण्यांसाठी असतं. खरं काय ते खिशात."

पुढे मी शिरूरला शिक्षिका झाले, लग्न झालं, बारा वर्षं लोटली. मूल झालं नाही. अशात आमच्या आणि दौंडच्या चर्चच्या मंडळीनं मिळून केनियातल्या एका अनाथाश्रमात पंधरा दिवस सेवेला सहा जण पाठवायचे ठरवले. पाळकसाहेबांच्या यादीत माझ्या नावाखाली मेट्रनबाईंचं नाव! वय सदुसष्ट, इंग्रजी शून्य आणि गुडघ्यांची कुरकुर वेगळीच.

"मला कशाला नेताय?" त्यांनी भर सभेत विचारलं.

"मुलं सांभाळायला," पाळकसाहेब म्हणाले.

"का, हितली संपली व्हय?"

पाळकसाहेबांनी यादीतलं पुढचं नाव वाचलं. तरी त्या आल्याच, आणि बॅगेत नेलकटर, फण्या आणि खोबरेल तेलाच्या तीन बाटल्या घेऊन आल्या. तिथं बघतात तर मुलामुलींची सगळ्यांचीच डोकी बारीक कापलेली. बाई क्षणभर हिरमुसल्या. मग ते तेल त्यांनी चाळीस मुलांच्या कोपरांना आणि गुडघ्यांना चोळून संपवलं. बोलायच्या शुद्ध दौंडच्या भाषेत. "हात दाव!" म्हटलं की चाळीस हात पुढे यायचे. जेवणात चपाती आली तेव्हा मात्र त्या माझ्यावरच उखडल्या, "हितं बी चपातीच? मग येवढ्या लांब आलो कशाला आपण?"

पहिल्याच दिवशी मुलांनी आमच्यासाठी गाणं म्हटलं. आम्ही रडलो, फोटो काढले, आणि मुलं भराभर आमच्या मांड्यांवर चढून बसली. मेट्रनबाई लांब उभ्या होत्या. "अनोळखी माणसाला लेकरू असं चिकटत न्हाई," त्या पुटपुटल्या. "ह्यांच्याकडं माणसं सारखी येत्यात आन् जात्यात." मला त्यांचा राग आला. जन्मभर शिस्त लावून बाईचं मन वाळून गेलंय, असंही वाटलं.

कारण माझ्या मांडीवर मर्सी बसली होती. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, माझं बोट धरलं की जेवतानाही न सोडणारी. चौथ्या दिवशी मी नवऱ्याला फोन केला. "इथं एक मुलगी आहे. विचारू का?" तो नुसतं "विचार" म्हणाला, आणि फोन ठेवायचंच विसरला. आश्रमाचे संचालक म्हणाले, कायद्याचं जरा अवघड आहे, पण प्रयत्न करता येईल. हिला कुणीच नाही. त्या दिवशी मला ऊन लागत नव्हतं की भूक लागत नव्हती.

मेट्रनबाईंना सांगितलं. त्यांनी मर्सीला हाक मारली आणि तिच्या फ्रॉकच्या खिशात हात घातला. आत चपातीचे दोन तुकडे होते. एक मऊ, एक वाळून कडक झालेला.

"हिला आई हाय," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"सोतासाठी राखल्यालं पोर झोपायच्या आत खाऊन टाकतंय. हा तुकडा दोन दिसाचा हाय. कुणाची तरी वाट बघती ही."

"बाई, हे दौंड नाही!"

"न्हाई ना. पर तू तर बोर्डिंगातली. तुला बी कळू नये?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. रविवारी चर्चमधली भक्ती सुटली आणि फाटकाबाहेर डोक्याला रुमाल बांधलेली एक बारीक बाई दिसली. मर्सीनं माझं बोट सोडलं. धावत गेली आणि खिसा रिकामा करून तिच्या ओंजळीत ओतला. संचालक जरा ओशाळले. बाप वारलेला, आई लोकांकडे धुणी धुते, पोटभर घालू शकत नाही. अशा मुलांनाही आम्ही अनाथच धरतो, असं त्यांनी सांगितलं. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. संपलं, असं वाटलं.

पण संपलं नव्हतं. माझ्याबद्दल त्या आईला कुणीतरी सांगितलं असावं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि तिचं बोलणं संचालकांनी मला इंग्रजीत सांगितलं: "घेऊन जा. तुमच्याकडे ती रोज जेवेल." तिचे डोळे कोरडे होते. मी मेट्रनबाईंकडे वळले. दर गोष्टीला ज्यांच्याकडे एक वाक्य तयार असायचं, त्यांना मी मराठीतून सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाई, काय करू?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "मला न्हाई कळत, पोरी. तीस वर्सं आया पोरी सोडून गेल्या आन् मी मागनं फाटक लावलं. एकीला बी म्या कधी इचारलं न्हाई."

मी त्या आईला "नाही" म्हणाले. दयेनं म्हणाले, की भीतीनं, की मेट्रनबाई बघत होत्या म्हणून, हे मला अजून उमगलेलं नाही. कधी वाटतं, मी त्या मायलेकींना एकत्र ठेवलं. कधी वाटतं, एका पोरीच्या तोंडचा रोजचा घास मी काढून घेतला. घरी आल्यावर नवऱ्याला मी एवढंच सांगितलं, की कागदपत्रं जमत नाहीत. त्यानंही पुढे काही विचारलं नाही.

गेल्या वर्षी मेट्रनबाई दौंडला दवाखान्यात होत्या. मी गेले तेव्हा आवाज खोल गेला होता, पण पहिला प्रश्न नेहमीचाच, "तिची आई येती का गं अजून?"

"येते. आश्रमातून कळवतात. दर रविवारी येते."

"मग पोर तिचंच." त्यांनी माझा हात धरला. "पर तुझं बी गेलंच की गं. घरात बोललीस का कुणापाशी?"

मी नकारार्थी मान हलवली. "बोल," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्या संध्याकाळी शिरूरला पोचल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तिची आई द्यायला तयार होती आणि मीच नको म्हणाले, हेसुद्धा. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "नाव काय होतं तिचं?"

"मर्सी."

त्यानं ते नाव हळूच दोनदा उच्चारून पाहिलं. मग आम्ही दोघं रडलो, लग्नानंतर पहिल्यांदाच एकत्र. मेट्रनबाई तिसऱ्या दिवशी गेल्या. मी बोलले, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.