वसुधाबाईंचा कागदी पूल

वसुधाबाईंची आणि माझी ओळख झाली ती लालबागमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. गिरण्यांचा संप दुसऱ्या वर्षात गेला होता. बाई गिरगावहून तिथे हस्तव्यवसाय शिकवायला येत. डबा न आणणारी मुलं वाढू लागली, तेव्हा एका शनिवारी त्यांनी मुलांच्या आयांना बोलावलं. एक खेळ खेळायचा आहे, एवढंच कळवलं होतं. घरात बसवत नव्हतं म्हणून मी गेले.

आमच्या एका खोलीत मधोमध पडदा लावलेला होता. माझे यजमान संपावर ठाम होते. धाकटे दीर पोलीस बंदोबस्तात कामावर परतले होते. दोघे भाऊ बोलत नव्हते, म्हणून मी आणि माझी जाऊ शैलाही बोलत नव्हतो. आठ महिने. एकाच मोरीवर भांडी घासायची, पण मान वर करायची नाही.

बाईंनी चौघी-चौघींचे गट पाडले. प्रत्येक गटाला झाडूचे वीस हीर, दोन वर्तमानपत्रं आणि दोऱ्याचं रीळ. दोन बाकांमधल्या जागेत पूल बांधायचा आणि त्यावर पाटी ठेवायची. कुणीतरी विचारलं, "चिकटवायला खळ नाही?" बाई म्हणाल्या, "पिठाची खळ करायचे दिवस नाहीत हे." मग त्यांनी नियम सांगितला. प्रत्येकीने एकच हात वापरायचा, दुसरा पाठीमागे.

माझ्या गटात शैला आली. मी उठले. "बाई, मला दुसऱ्या गटात घाला."

"का?"

"आमचं बोलणं नाही."

"बोलायला कुठे सांगितलंय? बांधायला सांगितलंय," बाई शांतपणे म्हणाल्या.

एका हाताने गाठ बसेना. दोऱ्याचं एक टोक मी धरलं, दुसरं शैलाने. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून गेलं, "नीट धर गो!" तिने धरलं. पूल कसाबसा उभा राहिला आणि पाटी ठेवताच मोडला. सगळ्या हसल्या. शैलाही हसली आणि हसता हसता रडू लागली. म्हणाली, "ताई, हे रोज भिंतीकडे तोंड करून जेवतात." पडद्याच्या अलीकडे राहून मला ते ठाऊक नव्हतं.

वाढदिवसाच्या अशा गौरवलेखात पुढचं गोड सांगण्याची रीत आहे, पण खोटं लिहिलेलं बाईंना चालणार नाही. भाऊ एक झाले नाहीत. आम्हा जावांच्या सांगण्यावरून बाई घरी आल्या, तेव्हा माझे यजमान म्हणाले, "कागदाचे पूल शाळेत बांधा, बाई. इथे नको." बाई पाणी पिऊन निघाल्या. पुढे दिरांचीही गिरणी बंद पडली आणि ते शैलाला घेऊन गावी गेले.

बाईंनीच मला बालवाडीच्या शिक्षिकेचा अभ्यासक्रम करायला लावला. परीक्षेच्या दिवशी यजमान इस्पितळात होते. ज्या माणसाने त्यांना घरातून परतवलं होतं, त्याच्या उशाशी बाई तीन तास मोसंबी सोलत बसल्या. मी परतले तेव्हा साली टोपलीभर जमल्या होत्या. त्याच दुखण्यात यजमान गेले. दीर आले, दारात क्षणभर उभे राहिले आणि आत न येताच परतले.

तो खेळ मग आम्ही दोघींनी अनेक महिला मंडळांत घेतला. एकदा परळला, गिरणीच्या जागी उठलेल्या इमारतीत, एका कंपनीने बोलावलं. तिथल्या साहेबांनी बाईंना बाजूला घेतलं. "कोण कमी पडतंय तेवढं लिहून द्या, मॅडम. काही लोक कमी करायचेत."

बाईंनी हीर पिशवीत भरले. "या जागेवरून माणसं कमी करून झालीत, साहेब," म्हणाल्या आणि निघाल्या.

आज बाई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. नजर मंदावली आहे, जिना उतरवत नाही. शंभर वर्षांच्या शुभेच्छा द्यायला गेले तर म्हणाल्या, "तेवढी नकोत गं. असतील तितकी आपल्या हाताने जेवता येऊ दे." तसंच होवो. मात्र ती वर्षं पुष्कळ असोत, अशीही माझी प्रार्थना आहे, आणि तीत माझा स्वार्थ आहे. 'ताई' म्हणणारी शैला दोन वर्षांपूर्वी गेली. मला 'सुनंदा' अशी एकेरी हाक मारणारं आता बाईंखेरीज कुणी उरलेलं नाही.