थांबा, लाइन जोडते

बोर्डबाई,

तुम्हाला न विचारता आत शिरतेय. आयुष्यात पहिल्यांदाच, तेव्हा ओरडू नका.

आपल्या विमा कचेरीत जिन्याखालच्या कोंदट खोलीत तुम्ही टेलिफोनचा बोर्ड सांभाळायचात. समोर भोकंच भोकं, हातात वायरी. बाहेरचा कुठलाही फोन तुमच्या हातूनच आत यायचा. मी वर दावे विभागात, तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन फायली बांधत बसलेली. तुमची जागा शिपायांच्या जरा वरची. हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं, तुम्ही सोडून.

एकदा मी सहीसाठी मोठ्या साहेबांपुढे उभी होते. ते रिसिव्हरमध्ये गरजले, "लाइन दे लवकर!" पलीकडून तुमचा आवाज मलासुद्धा ऐकू आला, "दे नाही, द्या. थांबा." आणि साहेब थांबले की हो! रिसिव्हर कानाला लावून, शाळेतल्या पोरासारखे.

आमच्या रोखपालाची बायको बाळंतपणात अडली, तेव्हा याच साहेबांचं बोलणं मध्येच तोडून तुम्ही रोखपालाला दवाखाना जोडून दिलात. साहेब तरातरा खाली आले. तुम्ही मानही वळवली नाहीत. "तुम्हाला काही इतक्यात मूल होत नाही. बसा."

मधल्या सुट्टीत तुमच्या खोलीत डबा खाताना मी एकदा शहाणपण पाजळलं. म्हटलं, एका तत्त्वज्ञाचं म्हणणं आहे, माणसाच्या मुळाशी भूक नाही, भीती नाही, आपला अंमल चालावा ही ओढ आहे. तुम्ही घास गिळलात. "एवढ्यासाठी पुस्तक लिहिलं? एक दिवस बोर्डावर बसवायचं होतं त्याला."

मला वाटायचं, ही ओढ म्हणजे दुसऱ्याला दाबणं. तुमच्याकडे बघून कळलं, ते तिचं आजारी रूप. धडधाकट असते तेव्हा ती माणसाला ताठ बसवते, एवढंच.

मग बोर्ड गेला, यंत्र आलं. तुम्ही निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेलात. मी भेटायला आले तर तुम्ही खिडकीपाशी, निम्म्या झालेल्या.

"सून छळते का?" मी सरळच विचारलं.

"छळेल कशाला? गोड आहे हो, तीच तर पंचाईत! 'आई, तुम्ही बसा.' उठले की बसा. भाजी निवडायला घेतली की बसा. भांडायलासुद्धा देत नाही मेली."

तुम्ही जेवण टाकलं होतंत. सून दाराआड डोळे पुसत होती. माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांना पेशंट नंबरानं आत सोडायला कुणीतरी हवंच होतं. परत येऊन तुम्हाला सांगितलं.

"आत कुणी जायचं ते मी ठरवणार?"

"नंबरानं सोडायचं, बोर्डबाई."

"नंबर कोण देणार?"

"तुम्ही."

तुम्ही पदर सारखा केलात. मी म्हटलं, "चला, आत्ताच भेटून येऊ."

"आत्ता? लगेच धावलं की किंमत राहत नाही. थांबू दे त्यांना जरा. मी फोन करीन, तेव्हा या."

मी चिडले, पण सुनेचा फोन आला तो हसत: आई दोन्ही वेळा जेवतात, वरण पातळ झालं म्हणून माझ्यावर ओरडल्या! डॉक्टरांनी मला रस्त्यात गाठून विचारलं. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "अजून थोडं." काय तो आवाज! अगदी जिन्याखालचा.

मग एका सकाळी सून चहा घेऊन आली, तर तुम्ही झोपेतच गेलेल्या. खुर्चीवर इस्त्रीची साडी, दाराला पर्स अडकवलेली. दवाखाना तुमच्या खिडकीतून दिसतो, बोर्डबाई. तेवढं जाऊन यायचं राहिलं ते राहिलंच.

काल डॉक्टर पुन्हा भेटले. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. "त्या बाई येणार होत्या ना?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा."