दफेदारानं वाचवलेला गहू

अंजनगावच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या सहदेव दफेदाराला वांग्याच्या वावरात वाकलेला पाहिला तर या माणसानं कधी रणगाडा चालवला असेल असं कोणी म्हणणार नाही. अंगानं काटकुळा, आवाज बारीक, आणि चालताना नजर सदा खाली, काही हरवल्यासारखी. पण चालवला होता, बाप्पा! एकाहत्तरच्या लढाईत पन्नास टनांचं ते लोखंडी धूड यानंच सरहद्दीपलीकडे नेलं होतं. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला होता, तोच पुरावा. फौज सोडून कैक वर्षं झाली, तरी गावानं त्याला कधी नुसतं सहदेव म्हटलं नाही. फौजेतला हुद्दाच त्याचं नाव झाला, दफेदार तो दफेदार.

त्याची एक खोड साऱ्यांना माहीत होती. काम नसलं तर उभ्या पिकात तो पाय घालत नसे. स्वतःच्या वावरातसुद्धा बांधावरून, आमच्याकडे ज्याला धुरा म्हणतात त्याच्यावरून, लांबचा फेरा मारून जाई. लोक म्हणत, माळ्याचा जीव आहे, रोपाला जपायचाच. एखादा टवाळ पारावरून हाक मारी, "काहो दफेदार, रनगाडा बी धुऱ्यावरूनच नेला होता काय?" सगळे खो-खो हसत. दफेदारही हसे. पण त्या दिवशी त्याला घास जात नसे, आणि जयवंता, त्याची बायको, वाढलेलं ताट झाकून ठेवी.

कारण नेला होता. धुऱ्यावरूनच नेला होता. सारं दुखणं तिथंच होतं.

त्या रणगाड्यात चौघं होते. खाली, पुढच्या अंगाला एकटा ड्रायव्हर, म्हणजे सहदेव. वरच्या फिरत्या घुमटात तिघं: हुकूम देणारे रिसालदारसाहेब, गोळे भरणारा एक जवान, आणि तोफेवर दानियाल. हा दानियाल बाळापूरचा. सबंध रेजिमेंटीत वऱ्हाडी बोलणारे हे दोघंच. दोघं बोलायला लागले की बाकीचे पोटं धरून हसत, "ये क्या 'काहून, काहून' लगा रखा है!" दानियालला आईबाप नव्हते. आमिना नावाची धाकटी बहीण होती, तिला त्यानंच वाढवलं होतं. लंगरात ताटावर बसलं की म्हणे, "सुटी भेटली का बाळापूरले चाल, सहदेव. आमिनाच्या हातची शेवई खाशीन तं फौज इसरून जाशीन."

डिसेंबरची सकाळ होती. पुढं नाला, नाल्यापलीकडे शत्रूचं ठाणं. कानाच्या यंत्रात रिसालदारसाहेबांचा आवाज आला, "सीधा चल. बिलकुल सीधा." आणि सरळ समोर होता गहू. नुकता वर आलेला, वीतभर, दवानं ओला, ओळी अशा सरळ की पेरणाऱ्याचा हात ओळखू यावा. पेरणारा पळून गेला होता. वावर एकटं पडलं होतं.

सहदेवनं काही विचार केला असता तर निदान विचारावर दोष टाकता आला असता. त्यानं काहीच विचार केला नाही. लहानपणी रोपावर पाय पडला की बापाची चापट बसायची, ती चापट हातात मुरली होती. हातानं आपोआप दांडा ओढला आणि गाडी वळून धुऱ्याला लागली. धुरा नाल्याच्या बाजूला उतरता, माती ओली. गाडी कलली, करकरली, आणि तिचा एका बाजूचा पट्टा चाकांवरून उतरला. पट्टा उतरलेला रणगाडा म्हणजे चिखलात बसलेला बैल. कितीही ढोसा, जागचा हलत नाही.

"किधर घुमाया तूने?" रिसालदारसाहेब ओरडले. ते त्यांचं शेवटचं बोलणं. पलीकडून गोळा आला तो नेमका घुमटावर. सहदेव आपल्या झाकणातून बाहेर पडला, वर चढला, दानियालला ओढायला तापलेल्या लोखंडात हात घातला. हात भाजला. बाहेर कोणीच आलं नाही.

इस्पितळात साहेबांनी विचारलं, "क्या हुआ था?" तो म्हणाला, "गोला लगा, साहब." खोटं काय होतं त्यात? गोळा लागलाच होता. पट्टा आधी उतरला की नंतर, हे कोणी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. एवढंच. एवढ्यावर माणूस पस्तीस वर्षं दफेदार म्हणून मिरवला.

सुटीवर आला तसा आधी बाळापूरला गेला. आमिना तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. तिनं विचारलं, "कसा गेला माहा भाई?" यानं तेच सांगितलं, "गोळा लागला." तिनं त्याचा भाजलेला हात पाहिला, आत जाऊन पाणी आणलं आणि म्हणाली, "आता तुमीच माहे भाई." त्या पाण्याचा घोट गळ्यातून उतरताना सहदेवला जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण तोंड उघडलं नाही.

तेव्हापासून दर डिसेंबरात तो कापडी पिशवीत ताजी भाजी भरून अंजनगावहून अकोट, अकोटहून अकोला, अकोल्याहून बाळापूर अशा गाड्या बदलत जाई. आमिना पुढं कुर्बानला दिली. कुर्बानचा बारदान्याचा धंदा. फाटकी पोती विकत घ्यायची, ठिगळं लावायची आणि पुन्हा व्यापाऱ्यांना विकायची. घरभर पोत्यांचा वास. आमिना पिशवी घेऊन आत जाई, भाजी काढून घेई आणि पिशवीत काहीतरी घालूनच परत देई. कधी शेवया, कधी खारका, सहदेवच्या पोराच्या, चंदनच्या, लग्नाच्या साली सुनेसाठी हिरव्या बांगड्या. आलेली पिशवी रिकामी पाठवायची नाही, ही तिच्या घरची रीत. पस्तीस वर्षांत एकदाही मोडली नाही. सहदेव घरी येऊन त्या शेवया जयवंताच्या हाती देई. स्वतः कधी खात नसे.

मग दोन हजार सहा उजाडलं. आमच्या भागातली ती वर्षं कशी होती ते वेगळं सांगायला नको. पिकं होती, पण कोणाच्या तोंडावर पिकाचा आनंद नव्हता. त्या नोव्हेंबरात कुर्बानचा फोन आला. बाळापुरात एका शाळेच्या पटांगणात फौजेतला जुना रणगाडा ठेवणार होते. खाली दगडावर दानियालचं नाव. पडदा आमिनाच्या हातानं उघडायचा. "बाई म्हनते, भाई बाजूले उभा राहिला तरच मी दोरी ओढीन. येजा बरं," कुर्बान म्हणाला. सहदेव "हाव" म्हणून बसला. गावात ही बातमी फिरली, तसे लोक त्याच्या अंगणात येऊन त्याच्या पाठीवर थापा मारू लागले. प्रत्येक थापेला तो आकसून जाई. रणगाड्याच्या बाजूला, दानियालच्या नावाच्या वर, दानियालच्या बहिणीच्या शेजारी गळ्यात हार घालून उभं राहायचं! एवढा निर्लज्जपणा आपल्याला जमेल का, हेच त्याला कळेना. आणि नाही जमला तर तिला काय तोंडानं सांगायचं?

कार्यक्रमाला पाच दिवस उरले असताना चंदननं वावरात ट्रॅक्टर घातला.

कोबी तयार होती. गड्डे असे भरलेले की पाहत राहावं. पण बाजारात कोबीला कुत्रं विचारत नव्हतं. दफेदार धुऱ्यावर आला तेव्हा मागं रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर तीन ओळी पुढं गेला होता. हिरवा चुरा मातीत मिसळत होता.

"चंदन! थांब! थांब म्हनतो ना बे!"

आणि दफेदार पिकात धावला. जन्मात पहिल्यांदा. गड्ड्यांना ठेचकाळत, पडत-उठत तो ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन उभा राहिला. चंदननं घाबरून ब्रेक दाबला.

"बाबा, काय करून राहिले तुमी? मरान ना!"

"उभं पीक हाये, चंदन. उभ्या पिकातून..."

"उभं हाये म्हनूनच तं आडवं करून राहिलो. तोडायची मजुरी निघत नाई, गाडीभाडं निघत नाई. ठेवून काय पूजा करू?" चंदन खाली उतरला. बापाच्या अंगावरची माती पाहून त्याचा आवाज उतरला. "बाबा, जीवाले लावून नका घेऊ. पीकच हाये. मानूस थोडी हाये."

सहदेव तिथंच कोबीत बसला. पीकच आहे, माणूस थोडीच आहे. जे पोराला दोन वाक्यांत कळत होतं ते याला त्या सकाळी कळलं नव्हतं. परक्या मुलखातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाच्या वीतभर गव्हासाठी यानं तीन माणसं दिली होती. आणि ती लाज उघडी पडू नये म्हणून गप्प राहून बहिणीसारख्या बाईच्या हातचं पस्तीस वर्षं पाणी प्यायलं होतं. स्वतःची किळस येऊन त्यानं भाजलेला हात मातीत खुपसला. चंदनला वाटलं, बापाला कोबीचं दुःख झालं.

दुसऱ्या दिवशी पिशवीत चार धड गड्डे टाकून दफेदार बाळापूरला गेला.

आमिना दारातच होती. "अजी भाई, कार्यक्रमाले तं चार दिस हायेत! आजच काहून आले?" तिनं पिशवी घेऊन बाजूला ठेवली, पेटीतून नवी पांढरी ओढणी काढून दाखवली. "हे घालीन. चांगली हाये ना?" मग पाणी आणलं. सहदेवनं तांब्याला हात लावला नाही.

"बस, आमिना. तुले एक सांगाचं हाये."

त्यानं सांगितलं. कानातला हुकूम, गहू, धुरा, उतरलेला पट्टा. काही गाळलं नाही. अंगणात कुर्बान पोतं शिवत होता, त्याची सुई थांबली. आमिनाच्या मांडीवर ओढणीची अर्धी घडी तशीच राहिली.

"मुद्दाम केलं?" तिनं विचारलं.

"नाई व. हातच वळला."

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

"तू भाई म्हनलं. मंग सांगाची हिंमत नाई झाली. मले लाज वाटे, बाई. आता बी वाटते."

तिनं ओढणीची घडी पुरी केली. मग एकदम म्हणाली, "थो गहू तरी वाचला का?"

या प्रश्नाची त्याला पस्तीस वर्षं भीती होती, कारण तो त्यानं स्वतःलाही कधी विचारला नव्हता.

"नाई," तो म्हणाला. "धुऱ्यावर आमची गाडी जळून राहिली होती. मागच्या साऱ्या गाड्या त्या गव्हातूनच गेल्या. एक कोंब नाई राहिला."

आमिना उठली. पिशवी घेऊन आत गेली. गड्डे एकेक करून खाली ठेवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं पिशवी त्याच्या हातात दिली. सवयीनं त्याचा हात जड ओझ्याच्या अंदाजानं खाली गेला आणि तसाच वर आला. पिशवी रिकामी होती. झटकलेली होती, आत कोबीचं पानही नव्हतं.

"कार्यक्रमाले येजा," ती म्हणाली. "पन माह्या बाजूले नको. खाली बसजा, लोकाइत."

भाई म्हटलं नाही.

सोळा डिसेंबरला, कार्यक्रमाच्या दिवशी, तो गेला. मागच्या सतरंजीवर, मुलांच्या आयांमध्ये बसला. पटांगणात रणगाडा उभा होता, हिरवा रंग नवा दिलेला, दोन्ही पट्टे जिथल्या तिथं. शाळेच्या भगवंतराव गुरुजींनी माईकवरून नाव पुकारलं, "याच लढाईत रणगाडा चालवलेले आपले वीर, दफेदार सहदेव!" तो उठला नाही. गुरुजींनी पुन्हा पुकारलं. कोणीतरी बोट दाखवलं, "थे पाहा, तेथं बसले!" गुरुजींनी कौतुकानं मान हलवली. म्हणाले, "पाहा मुलांनो, केवढा मोठा माणूस आणि किती नम्र! टाळ्या वाजवा!"

आणि टाळ्या सुरू झाल्या. सारं पटांगण मागं वळून त्याच्याकडे पाहत टाळ्या वाजवत होतं. पस्तीस वर्षांत एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती. आमिना पडद्याची दोरी हातात धरून उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. दोरीही ओढत नव्हती. नुसती त्याच्याकडे पाहत थांबली होती.

सहदेव उठला. बारीक आवाजात, पण पुढच्या ओळींपर्यंत जाईल इतक्या जोरानं म्हणाला, "टाळ्या नका वाजवू. सीधा जायचा हुकूम होता. गाडी मी वळवली. माह्यामुळं गेला दानियाल."

हळूहळू टाळ्या थांबल्या. मग आमिनानं दोरी ओढली.