पापणी ओढून बघा

हॉस्टेल सोडून पन्नास वर्षं होत आली, तरी आम्ही जुन्या मैत्रिणी भेटलो की सोलापूरच्या नर्सिंग ट्रेनिंगचे किस्से निघतातच. लोकांना आरोग्य शिकवायला निघालेल्या आम्ही, आणि आमचा स्वतःचा सगळा आनंदीआनंद!

माझी रूम-पार्टनर महादेवी, अक्कलकोटकडची. सातची ड्यूटी आणि ही पावणेसातला उठणार. वेणी की नाश्ता, यात रोज वेणी जिंकायची. 'सकाळची न्याहारी का आवश्यक?' या प्रश्नाला मात्र वर्गात सर्वांत जास्त मार्क तिलाच. पेपर लिहिताना पोटात फक्त चहा.

*

ट्यूटरबाई नखं तपासायला आल्या की रांगेतल्या मागच्या मुली घाईघाईने दातांनी नखं कुरतडायच्या. एकदा बाई शांतपणे म्हणाल्या, "नखं झाली. आता जिभा दाखवा."

*

ट्रेनिंगचा भाग म्हणून भवानी पेठेतल्या बायकांसमोर पाणी उकळण्यावर आम्ही तासभर बोललो. घसा कोरडा पडला. विड्या वळणाऱ्या नरसव्वाने तांब्या पुढे केला, आम्ही घटाघटा प्यायलो.

"उकळलेलं न्हाय हं," ती म्हणाली. "आता तुमाला काय हुतंय बघते, मग ठरवते."

*

पुढे आमचं रक्त तपासलं. महादेवीचं फारच कमी निघालं. "महिन्यात वाढलं नाही तर घरी पाठवीन," बाईंनी बजावलं.

"वडील स्थळ बघून बसलेत गं," ती रडत म्हणाली. "एकदा मी घरी गेले की संपलं ट्रेनिंग." मला तिचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

त्याच आठवड्यात ती पेठेतल्या बायकांना सांगत होती, "खालची पापणी ओढून बघा. आत लाल नसेल तर रक्त कमी."

नरसव्वा उठली आणि तिने महादेवीचीच पापणी ओढली. "पांढरी फटक हाय की! काय खाती गं पोरी?"

मीच म्हटलं, "चहा."

*

दुसऱ्या दिवसापासून नरसव्वा रोज दुपारी हॉस्टेलवर हजर. फडक्यात भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाचटणी. शेवटचा घास पोटात जाईपर्यंत समोरून हलायची नाही.

चौथ्या दिवशी ट्यूटरबाईंनी पकडलं. "बाहेरचं अन्न इथे चालत नाही."

नरसव्वा उठली. बाईंच्या जवळ गेली आणि त्यांची पापणी खाली ओढली.

"तुमीबी बसा, बाई," ती म्हणाली. "आदी हात धुवा."

बाई हात धुऊन आल्या. महादेवीशेजारी मांडी घालून बसल्या, भाकरी मोडली आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी माझंही रक्त तपासा. कमी निघालं तर दोघी मिळून घरी जाऊ."