मेंढ्या मोजायचं यंत्र

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॉलेजात फर्मान निघालं. यंदा नेटवरून उतरवलेला प्रोजेक्ट चालणार नाही, गावात जाऊन खऱ्या माणसाचा खरा प्रश्न सोडवायचा. याला अनुभवातून शिक्षण म्हणतात, असं आमच्या गाइड सरांनी फळ्यावर लिहून सांगितलं. त्यांचा स्वतःचा अनुभव स्टाफरूम ते कँटीन एवढाच होता.

आमच्या चौघांच्या गटात मेंढरं फक्त माझ्या घरी. निरगुडसरला आबा, म्हणजे माझे वडील, अजून कळप राखतात. हे ऐकून सरांचे डोळे चमकले. फेटा, काठी, माळरान, फोटो झकास येणार! प्रश्न काय, ते त्यांनी गावाकडे येताना वाटेत आळेफाट्याला मिसळ खाता खाताच ठरवून टाकलं. मेंढपाळाला मेंढ्या मोजता येत नाहीत. सर्वेक्षणाचा फॉर्म मी भरला. 'निरक्षर असल्यामुळे मोजणी जमत नाही.' आबा सातवी पास आहेत. मला ते ठाऊक होतं, पण गुणही हवे होते. आबांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

चार महिने खपून आम्ही लोखंडी चौकट केली आणि मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाला जिथे वाट ठेवतात तिथे उभी केली. गुडघ्याएवढ्या उंचीवर सेन्सर, वर आकड्यांची पाटी. समोरून मेंढी गेली की पाटीवरचा आकडा एकाने वाढणार. पहिलीच मेंढी लाल दिव्याला बिचकली आणि टुणकन उडी मारून आत गेली. पहिली जिथे उडी मारते तिथे मागच्या सगळ्या मारतात, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मी मात्र इंजिनिअर होत होतो. अख्खा कळप सेन्सरवरून उड्या मारत आत गेला आणि पाटीवर आकडा आला तीन.

आबांनी पाटीकडे पाहिलंही नाही. "त्या भुऱ्या मेंढीचं कोकरू नाय आलं," एवढं बोलून ते ओढ्याकडे गेले आणि घाणेरीच्या झुडपात अडकलेलं कोकरू काखेत घेऊन परत आले.

लाज असलेल्या माणसाने इथे गाशा गुंडाळला असता. सर म्हणाले, "काका, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." मग आम्ही चौघांनी आळीपाळीने सेन्सरसमोर हात हलवून हवा तो आकडा आणला आणि त्याचा व्हिडिओ केला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो बघितला, चहा-बिस्किटं घेतली आणि "ग्रामीण भागासाठी लई मोठं काम" म्हणाले. बशीतली बिस्किटं संपली तशी परीक्षाही संपली. पहिला नंबर आमचाच. विभागाच्या भिंतीवर पोस्टर लागलं आणि शेजारी काचेमागे तो फॉर्म, पुरावा म्हणून.

पदवी मिळाली त्या दिवशी आबा धुवट धोतर नेसून कॉलेजात आले. सरांनी त्यांना ओळखलं नाही. मी नाश्त्याच्या रांगेत होतो. वळून बघतो तर आबा त्या भिंतीपाशी उभे, ओठ हलवत, एकेक अक्षर लावून वाचतायत. मी पळत गेलो.

"मला मोजता येत नाय व्हय रं?"

"ते सरांनी लिवलंय, आबा."

आबांनी फॉर्मच्या काचेवर बोट टेकवलं.

"अक्षर तर तुझं हाय."